ट्रॅकवर ट्रॅक्शन कंट्रोल: आधी दिवा वाचा, मग बटण दाबा

विदर्भातल्या माणसाला ट्रॅकवर गाडी पळवायची तर आधी लांबचा प्रवास करावा लागतो. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट असो, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट असो की कोइंबतूरचं करी मोटर स्पीडवे, नागपूरहून प्रत्येक ठिकाण साधारण हजार किलोमीटर किंवा त्याहूनही दूर. एवढं पेट्रोल, टायर आणि सुट्ट्या खर्चून पोचल्यावर हातात पडतात पंधरा-वीस मिनिटांची मोजकी सत्रं. आणि कित्येक पोरं पहिल्याच सत्रात, पिट लेनमधून (ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात त्या गल्लीतून) बाहेर पडण्याआधी, ट्रॅक्शन कंट्रोलचं, म्हणजे घसरणारं चाक आवरणाऱ्या यंत्रणेचं, बटण दाबून ती बंद करतात. कुणीतरी सांगितलेलं असतं की खरा ड्रायव्हर हे सगळं बंद करूनच चालवतो.

माझं मत स्पष्ट आहे. ट्रॅकचा दिवस वाया घालवण्याचा याहून महागडा मार्ग नाही. ट्रॅक्शन कंट्रोलचा पिवळा दिवा तुमचा उजवा पाय कुठे चुकतोय ते जागच्या जागी सांगतो. तो बंद केला की चूक तशीच राहते, सांगणारं कुणी उरत नाही. म्हणून या लेखात क्रम उलटा आहे: सगळं चालू ठेवून सुरुवात, दिवा शांत होईपर्यंत थांबायचं आणि मगच एक पायरी खाली उतरायचं.

ट्रॅक्टर चालवलाय ना? मग अर्धं समजलेलंच आहे

पावसाळ्यात काळ्या वावरात ट्रॅक्टरचं एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं जागेवर थिजून राहतं, हे आपल्याकडे शाळकरी पोरानंही पाहिलेलं असतं. डिफरन्शियलचा तो स्वभावच आहे. दोन्ही चाकांना तो सारखाच जोर देतो, पण घसरणाऱ्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, त्यामुळे पकड असलेल्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य जोर मिळतो. अशा वेळी धुऱ्यावर उभा असलेला कुणी जाणता माणूस ओरडतो, "अबे, फिरतंय त्या बाजूचा ब्रेक दाब ना!" ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे ब्रेक पेडल वेगळे असतात. फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक हलका दाबला की त्या बाजूला अडथळा तयार होतो, तेवढाच जोर दुसऱ्या चाकाला मिळतो आणि ट्रॅक्टर पुढे सरकतो.

स्पोर्ट्‌स कारमधलं ट्रॅक्शन कंट्रोल हेच काम करतं, फक्त सेकंदाच्या बारीकशा भागात. प्रत्येक चाकाजवळ एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असतो, तो चाकाचा वेग मोजतो. ज्या चाकांना इंजिनचा जोर मिळत नाही त्यांचा वेग म्हणजे साधारण गाडीचा खरा वेग. जोर मिळणारी चाकं त्याहून फार पुढे पळायला लागली की कॉम्प्युटरला कळतं, टायर घसरतोय. मग तो दोन गोष्टी करतो. एक, इंजिनचा जोर कमी करतो: थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) मिटतो, ठिणगी उशिरा देतो किंवा इंधन तोडतो. दोन, फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक लावतो. धुऱ्यावरच्या माणसानं सांगितलेला तोच उपाय.

थोडं घसरणं मात्र टायरला हवंच असतं. गाडी ताशी ६० किमीनं चाललीय आणि मागचं चाक ६६ च्या हिशेबानं फिरतंय, तर घसरण १० टक्के. कोरड्या डांबरावर रस्त्याचा टायर सर्वांत जास्त ओढतो तो साधारण १० ते १५ टक्के घसरणीच्या आसपास. त्यापुढे पकड उतरते, धूर निघतो, वेळ वाया जातो. कंपनीनं रस्त्यासाठी ठरवलेलं ट्रॅक्शन कंट्रोल सहसा या टप्प्याच्या बरंच आधी जोर कापतं, कारण कंपनीला ओला रस्ता, झिजलेले टायर आणि झोपाळू चालक हे सगळं गृहीत धरावं लागतं. ट्रॅकवर पुढची पायरी उतरायला जागा मिळते ती इथेच.

आता दुसरा भाग, ज्याची गल्लत सर्वांत जास्त होते. ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी (गाडीचा तोल सांभाळणारी यंत्रणा) एकच नाहीत. ट्रॅक्शन कंट्रोल पाहतं फक्त चाकाचं फिरणं. ईएसपी त्याशिवाय स्टेअरिंग किती वळवलंय, गाडी स्वतःभोवती किती फिरतेय आणि बाजूला किती ओढली जातेय हे पाहतं. तुम्ही वळवताय तिकडे गाडी जात नसेल तर एकेका चाकाला ब्रेक लावून तिला सरळ करतं. एबीएस १९७८ मध्ये, ट्रॅक्शन कंट्रोल १९८७ मध्ये आणि ईएसपी १९९५ मध्ये, असे बॉशचे हे तीन टप्पे मर्सिडीजच्या मोठ्या गाड्यांतून आले आणि एकावर एक रचले गेले. म्हणून आजही तिन्हींचे सेन्सर सामाईक असतात. एक सेन्सर चिखलानं माखला किंवा त्याची वायर उंदरानं कुरतडली तर तिन्ही दिवे एकदम लागतात. गावाकडे शेडमध्ये गाडी ठेवणाऱ्यांनी निघण्याआधी हे तपासावंच.

फॉर्म्युला वनमध्ये ट्रॅक्शन कंट्रोलवर १९९४ पासून बंदी होती, २००१ च्या हंगामात स्पॅनिश शर्यतीपासून परवानगी मिळाली आणि २००८ पासून पुन्हा बंदी आली. "एफवनमध्ये नाही तर मला कशाला" असं म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की ती बंदी ड्रायव्हरचं कसब दिसावं म्हणून आहे. यंत्रणा कुचकामी होती म्हणून ती काढलेली नाही.

बटणाची ओळख घरीच करून घ्या

गाडीचं माहितीपुस्तक उघडा आणि बटणाचं पान वाचा. बहुतेक गाड्यांत बटण एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद किंवा सैल होतं. तीन ते पाच सेकंद दाबून धरलं की ईएसपी स्पोर्टमध्ये जातं किंवा पूर्ण बंद होतं. काही गाड्यांत बंद केलेलं ट्रॅक्शन कंट्रोल ठरावीक वेगाच्या वर आपोआप पुन्हा चालू होतं. काहींत पूर्ण बंद दाखवलं तरी जोरात ब्रेक मारल्यावर ईएसपी जागं होतं. तुमच्या गाडीत यातलं काय आहे हे ट्रॅकवर, वळणाच्या मधोमध कळून उपयोगाचं नाही.

महागड्या गाड्यांत पायऱ्या असतात. बीएमडब्ल्यूच्या नव्या एम ३ आणि एम ४ मध्ये ट्रॅक्शन कंट्रोलच्या १० पातळ्या मिळू शकतात. मर्सिडीज एएमजी जीटी आरमध्ये पिवळ्या गोल बटणाच्या ९. पोर्शमध्ये स्पोर्ट नावाची सैल पायरी असते. पायऱ्या असलेली गाडी शिकायला फार सोयीची, कारण प्रत्येक पायरीला थोडंच स्वातंत्र्य वाढतं. तुमच्या गाडीत फक्त चालू आणि बंद असेल तर 'चालू'वर जास्त दिवस काढावे लागतील, आणि त्यात कमीपणा काही नाही.

मुरमावरचा धडा

ट्रॅक हजार किलोमीटरवर असला तरी दिव्याची आणि आवाजाची ओळख घराजवळ होते. त्यासाठी हवी मोकळी, सपाट, मुरमाची जागा, स्वतःची किंवा मालकाची परवानगी घेतलेली. सुगीच्या आधी रिकामं असलेलं जिनिंगचं आवार असेल तर उत्तम. समृद्धी महामार्ग किंवा गावाबाहेरचा मोकळा रस्ता यासाठी नाही, रात्री दोनलाही नाही. समृद्धीवर मोटारींची वेगमर्यादाच ताशी १२० किमी आहे, आणि रस्त्यावर रोही आडवा आला तर कुठलंही ट्रॅक्शन कंट्रोल कामाचं नाही.

जागा निवडताना वाळलेलं गवत, कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा सोयाबीनचं कुटार गाडीखाली येणार नाही हे बघा. स्पोर्ट्‌स कार जमिनीला टेकलेली असते आणि तिचा तापलेला एक्झॉस्ट वाळक्या कुटाराला सहज पेटवतो. मागे कुणी उभं राहू नये. चाक फिरलं की गोटे उडतात.

सगळं चालू ठेवा. पहिला गिअर, स्टेअरिंग अगदी सरळ, उभ्या गाडीतून अॅक्सिलरेटर अर्धा दाबा. दिवा लुकलुकेल, इंजिनचा आवाज दबेल, पायाखाली ब्रेकच्या पंपाची घरघर जाणवेल. ताशी २० किमीच्या वर जाऊ नका. हे चार-सहा वेळा करा आणि दर वेळी डोळे समोर ठेवून, फक्त आवाजावरून सांगा: जोर केव्हा कापला? ट्रॅकवर दिव्याकडे बघायला वेळ नसतो, कानानं आणि सीटवर बसल्या अंगानंच कळलं पाहिजे.

मग ट्रॅक्शन कंट्रोल तेवढं बंद करून तेच करा. ईएसपी राहू द्या. आता चाक फिरेल आणि गाडी तशीच रेंगाळेल. तुमचं काम एवढंच: पाय इतका सैल करायचा की फिरणं थांबेल पण गाडीची ओढ तुटणार नाही. पाय पूर्ण उचलणं सोपं असतं. दोन-तीन मिलिमीटर मागे घेऊन तिथेच धरणं अवघड, आणि ट्रॅकवर सगळा खेळ त्या दोन-तीन मिलिमीटरचाच आहे. फक्त सरळ रेषेत. मुरमावर गोल फिरवणं म्हणजे टायर फाडणं, आणि उलटण्याचा धोका वेगळाच.

जाता जाता, काळ्या मातीत गाडी फसली तर काय करायचं तेही सांगतो, कारण विचारणारे बरेच असतात. आधी ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवूनच हळू प्रयत्न करा. एकच चाक फिरत असेल तर ब्रेक लावून दुसऱ्याला जोर देण्याचं काम ते करतं. दोन्ही चाकं घसरत असतील तर ते इंजिनचा जोर इतका कापतं की गाडी हलतच नाही. तेव्हा बंद करा, दुसरा गिअर, अगदी कमी रेस, चाकाखाली पऱ्हाट्या किंवा तुराट्या. चाक खड्डा करायला लागलं की थांबा आणि ट्रॅक्टर बोलवा. डांबरावर आल्याबरोबर पुन्हा चालू करा.

निघण्याआधी

टायर चारही कंपनीनं सांगितलेल्या मापाचे, शक्यतो सारख्याच झिजेचे हवेत. मागे नवे आणि पुढे गुळगुळीत असले तर चाकांचा घेर बदलतो, सेन्सरला फरक दिसतो आणि ट्रॅक्शन कंट्रोल कारण नसताना मधे पडू शकतं. चारही चाकांना जोर असलेल्या गाडीत तर गिअरबॉक्सवरही ताण येतो. तिथे हा नियम आणखी काटेकोर पाळा.

हवा घरी भरून विसरू नका. तापमान ५-६ अंशांनी बदललं की टायरची हवा साधारण १ पीएसआयनं बदलते. चंद्रपूरच्या उन्हात दुपारी भरलेली हवा कोइंबतूरच्या पहाटे तीन-चार पीएसआय कमी दाखवेल. ट्रॅकवर पोचल्यावर, सकाळी, सावलीत, थंड टायरवर मोजा. चार-पाच फेऱ्यांनंतर ३२ चे ३८ किंवा त्याहून जास्त होतात. पिटमध्ये आल्याबरोबर, गरम असतानाच पुन्हा मोजून जास्तीची हवा सोडा. फुगलेला टायर मधल्या पट्ट्यावरच चालतो आणि दिवा उगाच लागतो, मग वाटतं पाय चुकला. आणि परतीला निघताना हवा पुन्हा भरायची आहे हे गाडीच्या काचेवर लिहून चिकटवा.

ब्रेक ऑईल बदला. ते हवेतली ओल शोषतं, आणि एक पावसाळा काढलेलं ऑईल ट्रॅकच्या उष्णतेनं लवकर उकळतं. मग पेडल थेट खाली जातं. ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी दोन्ही ब्रेकच वापरतात, त्यामुळे तुम्ही पाय न ठेवताही मागचे ब्रेक तापत असतात. हे नवख्याच्या लक्षात येत नाही.

साधा मोटार विमा शर्यत आणि वेगचाचणीतलं नुकसान धरत नाही. मालकाशी, म्हणजे घरात जो हप्ता भरतो त्याच्याशी, हे आधीच बोलून घ्या. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पातळ तळव्याचे बूट. डिकीतलं सामान, पाण्याच्या बाटल्या, पायाखालची मॅट, सगळं बाहेर.

प्रवासाबद्दल एवढंच: हिंगणघाट-पांढरकवडा-आदिलाबाद-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ दक्षिणेच्या दोन्ही ट्रॅकसाठी कामी येतो, कोइंबतूरला जाणाऱ्यांनी सेलमपर्यंत तोच धरावा. एक दिवस आधी पोचा. रात्रभर गाडी चालवून सकाळी ट्रॅकवर उतरणाऱ्याला कुठलंही कॉम्प्युटर वाचवू शकत नाही.

पहिलं सत्र: सगळं चालू, वेग सत्तर टक्के

पहिल्या दोन फेऱ्या टायर तापवायला आणि रस्ता बघायला. थंड टायरवर दिवा लागतो त्याला अर्थ नाही. त्यानंतर एकच गोष्ट करायची: प्रत्येक वळणातून बाहेर पडताना स्टेअरिंग आणि अॅक्सिलरेटर एकमेकांशी बांधून टाका. स्टेअरिंग जेवढं सरळ होईल, पाय तेवढाच खाली जाईल. हात वळलेले असताना पाय खाली नाही.

यामागचं कारण समजून घ्या. टायरकडे पकड ठरलेली असते आणि ती दोन कामांत वाटायची असते, वळवणं आणि ढकलणं. वळणाच्या मधे जवळपास सगळी पकड वळवण्यात गेलेली असते. त्यातच तुम्ही रेस दिली की टायरला दोन्ही झेपत नाही. मागच्या चाकांची गाडी असेल तर शेपूट सुटते, पुढच्या चाकांची असेल तर नाक बाहेर जातं. ट्रॅक्शन कंट्रोल अशा वेळी जोर कापून गाडी सावरतं, पण मिटलेला थ्रॉटल पुन्हा उघडायला वेळ लागतो, आणि टर्बो असेल तर बूस्ट परत यायला आणखी थोडा. तो गमावलेला वेग पुढची पूर्ण सरळ वाट तुमच्यासोबत येतो.

बुद्ध सर्किटचं तिसरं वळण याचं चांगलं उदाहरण. चढावरचं, उजवीकडचं, अगदी तंग वळण आणि त्यापुढे एक किलोमीटरहून लांब सरळ. तिथे पाय अर्ध्या सेकंदानं उशिरा पण स्वच्छ खाली नेणारा, घाईनं दिवा पेटवणाऱ्याच्या पुढे निघतो. करीसारख्या छोट्या, वळणावळणाच्या ट्रॅकवर लांब सरळ नाही, पण तंग वळणांतून बाहेर पडण्याचे प्रसंग प्रत्येक फेरीत पुन्हा पुन्हा येतात, म्हणून पाय शिकायला मला तो अधिक आवडतो.

दिवा कुठे लागला?

सत्र संपलं की गाडीतून उतरण्याआधी कागदावर ट्रॅकचा नकाशा काढा आणि दिवा लागला त्या जागी खूण करा. नुसती खूण नको. वळणात शिरताना, मधे की बाहेर पडताना, तेही लिहा. कारण तिन्हींचा अर्थ वेगळा.

बाहेर पडताना लागला, हात अजून वळलेले होते: पाय लवकर गेला. पुढच्या फेरीत तोच पाय गाडीची अर्धी लांबी उशिरा न्या.

बाहेर पडताना लागला, हात सरळ होते: पाय झटक्यानं गेला, किंवा गिअर खालचा आहे. एक गिअर वरचा घेऊन बघा. ताकदवान गाडीत दुसऱ्याऐवजी तिसरा गिअर पुष्कळदा दिवा पूर्ण शांत करतो आणि वेळही सुधारते.

मधे लागला: तुम्ही वळणात वेग वाढवताय किंवा पाय सारखा हलवताय. मधे पाय एका जागी, अंड्यावर ठेवल्यासारखा.

शिरताना लागला: हे ट्रॅक्शन कंट्रोलचं काम नाही, ईएसपी बोलतंय. वेग जास्त आहे, ब्रेक सोडता सोडता स्टेअरिंग झटक्यानं फिरवलंय, किंवा ब्रेकवरून पाय एकदम उचललाय. हा दिवा सर्वांत गंभीर. हा लागतोय तोवर कुठलीही पायरी खाली उतरायची नाही, मग लॅप टाइम काही का येईना.

प्रत्येक फेरीत त्याच जागी उंचवटा किंवा रंगवलेली कडा लागून दिवा लुकलुकत असेल तर तो सोडून द्या. चाक क्षणभर हवेत गेलं, एवढंच.

शक्य असेल तर मोबाइलवरचा जीपीएस लॅप टाइमर लावा. दिवा लागलेली आणि न लागलेली फेरी शेजारी ठेवून सरळ वाटेच्या शेवटी वेग किती होता ते बघा. माझं अनुभवानं बनलेलं मत असं की दहापैकी आठ जणांना ट्रॅक्शन कंट्रोलनं मागे ओढलेलंच नसतं, त्यांच्या पायानं ओढलेलं असतं.

एक पायरी खाली

सलग चार-पाच फेऱ्या, टायर तापलेले, ट्रॅक कोरडा, आणि बाहेर पडताना दिवा जवळपास शांत. असं झालं की स्पोर्ट पायरीवर जा किंवा पातळी एकानं उतरवा. आणि वेग मुद्दाम कमी करा. पहिली फेरी सत्तर टक्क्यांवर, मग हळूहळू वर. पायरी बदलली त्याच फेरीत सर्वांत वेगवान फेरी मारायला जाणं, हे अपघाताचं नेहमीचं कारण.

आता गाडी थोडी घसरू देईल आणि मग धरेल. मागच्या चाकांच्या गाडीत कंबरेला जाणवेल, शेपूट बोटभर बाहेर सरकते आणि थांबते. ते थांबणं तुमच्या पायानं झालं की कॉम्प्युटरनं, हे ओळखणं या पायरीचा सगळा अभ्यास. कॉम्प्युटरनं थांबवलं तर आवाज दबेल. तुम्ही थांबवलं तर आवाज सलग राहील.

पुन्हा तेच: दिवा शांत, मग पुढची पायरी. दहा पातळ्यांच्या गाडीत एका दिवसात तीन-चारपेक्षा जास्त उतरू नका. थकवा दुपारनंतर येतो आणि तो कुठल्याच दिव्यावर दिसत नाही. जेवणानंतरच्या पहिल्या सत्रात एक पातळी परत वर चढा.

पुढच्या चाकांच्या गाड्या

आपल्याकडे ट्रॅकवर येणाऱ्या बऱ्याच गाड्या पोलो जीटी, आय२० एन लाइन, ऑक्टाव्हिया आरएस अशा पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या असतात. त्यांचं गणित वेगळं. वळणात भार बाहेरच्या चाकावर जातो, आतलं पुढचं चाक हलकं होऊन फिरायला लागतं. फोक्सवॅगन-स्कोडाच्या गाड्यांतली एक्सडीएस यंत्रणा त्या आतल्या चाकाला ब्रेक लावते, तोच ट्रॅक्टरचा उपाय. काम छान करते, पण आतले पॅड आणि डिस्क भरपूर तापतात. दोन-तीन जोरदार फेऱ्या, मग एक शांत फेरी, असा क्रम ठेवा. अशा गाडीत ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद करून वेळ क्वचितच सुधारते. नाक बाहेर जातं आणि पुढचे टायर दुपारपर्यंत संपतात.

यातही एक धोका जपा. वळणात नाक बाहेर जातंय म्हणून पाय एकदम उचलला की भार पुढे येतो, मागची चाकं हलकी होतात आणि मागचा भाग सुटतो. पाय उचलायचा तो थोडा आणि सावकाश.

पूर्ण बंद

ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी दोन्ही पूर्ण बंद करणं प्रत्येकाला गरजेचं नाही. करायचंच असेल तर माझ्या अटी अशा: ट्रॅक कोरडा असावा, वळणाबाहेर मोकळी जागा असावी, शेजारी प्रशिक्षक बसलेला असावा, आणि सर्वांत सैल पायरीवर दिवा शांत असलेलं पूर्ण सत्र तुमच्या मागे असावं. आणि त्याआधी ओल्या स्किड पॅडवर, म्हणजे गाडी मुद्दाम घसरवून शिकायच्या मोकळ्या जागेवर, गाडी सुटणं आणि सावरणं अनुभवलेलं असावं. एबीएसला हात लावू नका. तसं बटण बहुतेक गाड्यांत नसतंही, आणि फ्यूज काढून ते बंद करणाऱ्याच्या गाडीत बसू नका.

गाडी सुटलीच तर नजर जायचं तिकडे, भिंतीकडे नाही. हात नजरेच्या मागे जातात. पाय थोडा सैल, एकदम वर नाही. सावरल्यावर स्टेअरिंग तितक्याच लवकर सरळ करा. पहिल्या घसरणीतून वाचलेले लोक उलट्या बाजूच्या झटक्यात भिंतीला लागतात. आणि गाडी फिरलीच, हातातून गेली हे कळलं, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा, थांबेपर्यंत. थांबल्यावर लगेच दार उघडू नका, मार्शलकडे बघा.

पाऊस आला तर

सगळं चालू. पातळी कुठलीही असो, पहिल्या थेंबाला वर. ओल्या ट्रॅकवर नेहमीची रेघ सर्वांत घसरडी असते, कारण तिथे टायरचं रबर घासून बसलेलं असतं. एक-दीड गाडी बाहेरून, खरखरीत डांबरावरून जा. रंगवलेल्या कडांवर चाक नको. एक गिअर वर ठेवा. पावसात दिवा सारखा लागणारच, आणि पायाला सर्वांत लवकर शिकवणारा दिवसही तोच. सकाळी पाऊस पाहून परत फिरणारे लोक एक चांगला धडा सोडून जातात, असं मला वाटतं.

परतीच्या वाटेवर

शेवटची फेरी सावकाश, ब्रेक न वापरता. पिटमध्ये उभी करताना हँडब्रेक ओढू नका, गरम पॅड डिस्कला चिकटतो. गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. गाडी थंड झाल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्यानं तपासा, पॅडची जाडी बघा, टायरच्या आतल्या कडा हात फिरवून बघा, हवा रस्त्याच्या मापावर आणा, ब्रेक पेडल दाबून ते मऊ तर झालं नाही ना ते पाहा. मऊ असेल तर तिथेच ब्रेक ब्लीड करून, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून, घ्या.

बहुतेक गाड्यांत इंजिन बंद करून चालू केलं की ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएसपी परत येतात, पण ड्राइव्ह मोड मात्र काहींत तसाच राहतो. पडद्यावर बघून खात्री करा आणि मगच फाटकाबाहेर पडा. पावसाळ्यात आदिलाबाद सोडून यवतमाळ जिल्ह्यात शिरलात की वावरातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी डांबरावर काळ्या चिखलाचे पट्टे टाकलेले असतात, वणीकडे वळलात तर कोळशाचे ट्रकही भेटतात, आणि ट्रॅकवर घासलेल्या टायरांचे पाणी कापणारे चर तोवर बरेच उथळ झालेले असतात. त्या पट्ट्यांवर ताशी ५०-६० च्या वर जाऊ नका.